सांगण्याची किंमत

व्हॉट्सॲपवर स्टिकर करायला अर्धा मिनिटही लागत नाही. फोटो निवडला की ॲप आपणहून मागची भिंत, पडदा, शेजारची माणसं कापून टाकतं आणि हवा तो माणूस तेवढा उचलून हातात देतं. त्यावर दोन शब्द टाकायचे, झालं. पूर्वी एवढ्या कामाला फोटोशॉप येणारा कुणाचा तरी मोठा भाऊ शोधावा लागायचा.

समजा, डिसेंबरातलं गॅदरिंग. नववीतली एक मुलगी कोळीगीतावर नाचते आणि कुणाच्या तरी मोबाइलमध्ये तिचा डोळे मिटलेला, तोंड वासलेला फोटो निघतो. नाचताना काढला तर असा फोटो कुणाचाही निघतो. रात्री साडेदहाला वर्गाच्या ग्रुपवर त्याचा स्टिकर पडतो, खाली तिचं आडनाव मोडून केलेलं नाव. ग्रुपमध्ये साठ जण. पंधरा जण हसून रडणारे चेहरे टाकतात, दोघं-तिघं तोच स्टिकर परत फेकतात. उरलेले चाळीसेक जण बघतात आणि मोबाइल उशाखाली सारतात. ती मुलगीही त्याच ग्रुपमध्ये आहे. हसणारे पंधरा तिला दिसतातच, पण गप्प राहिलेले चाळीस जास्त लागतात, कारण त्यांच्यात तिची बाकावरची मैत्रीण आहे.

मग ती हिशोब मांडते. घरी सांगितलं तर पहिल्यांदा मोबाइल जाणार. दुसरं, ‘तुला नाचायला कुणी सांगितलं होतं?’ हे ऐकावं लागणार. तिसरं, बाबा तडक शाळेत जाणार, सर वर्गात येऊन सगळ्यांसमोर विचारणार, आणि अर्ध्या तासात सगळ्या वर्गाला कळणार की हिने सांगितलं. याच्या समोर गप्प बसण्याची किंमत काय? दोन-चार दिवसांचा स्टिकर. चौदा वर्षांच्या पोरीला हा हिशोब चांगला जमतो. ती गप्प बसते.

सायबर बुलिंगवर, म्हणजे मोबाइल-इंटरनेटवरून होणाऱ्या छळावर, शाळांमधून जी भाषणं होतात त्यांत ‘घाबरू नका, मोठ्यांना सांगा’ हे वाक्य असतंच. मुलांना ते पाठ आहे. त्यांची अडचण माहितीची नाहीच. सांगणं महाग पडतं, ही आहे. म्हणून कुठलाही उपाय समोर आला की मी एकच गोष्ट तपासतो: याने सांगण्याची किंमत कमी होते की वाढते?

सोलापुरात हा हिशोब आणखी किचकट आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर पाळी करणारा बाप, सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी आई, आणि घरात दोन मोबाइल. एक बापाबरोबर कारखान्यात जातो, दुसरा भावाबहिणींत वाटून वापरायचा. सिम वडिलांच्या नावावर, व्हॉट्सॲप आईच्या नंबरवर, इन्स्टाग्राम भावाने उघडून दिलेलं. अशा घरात ‘माझ्या मोबाइलवर असं असं आलंय’ म्हणायलाही जागा नसते. मोबाइल माझा नसतोच मुळी. शिवाय एकाच फोनमधून तिघं बोलत असतील तर कुणी काय पाठवलं हे नंतर घरातल्यांनाच सांगता येत नाही. पोलीस तपासाला निघाले तर पहिल्यांदा ज्याच्या नावावर सिम आहे त्याच्याच दारात येतात, हे पोरांना आणि बापांनाही सांगून ठेवलेलं बरं.

वाटून वापरायच्या मोबाइलचा आणखी एक घोळ होतो. ‘दे रे दोन मिनिटं, एक फोटो घ्यायचाय’ म्हणून वर्गातला कुणी मोबाइल घेतो आणि त्यावरचं व्हॉट्सॲप आपल्या फोनला किंवा घरच्या कॉम्प्युटरला जोडून ठेवतो. एका खात्याला अशी चार उपकरणं जोडता येतात. मग मूळ मालकाचे सगळे संदेश तिकडे आरामात वाचले जातात. खाजगी गप्पा ग्रुपवर फुटायला लागल्या की लोक ‘हॅक झालं’ म्हणतात. बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं. सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून अनोळखी नाव दिसलं की लॉग आउट करायचं, आणि सहा आकडी टू-स्टेप पिन लावायचा. हे महिन्यातून एकदा, पोरीच्या हातूनच.

आता घरातल्या पहिल्या पंधरा मिनिटांबद्दल. मूल सांगायला आलं तर मोबाइल हातात घ्यायचा तो बघायला, ठेवून घ्यायला नाही. ‘बरं केलंस सांगितलंस’ एवढं एक वाक्य आणि दुसरं, ‘मोबाइल तुझ्याकडंच राहणार आहे.’ दुसरं वाक्य न विचारता, आपणहून म्हणायचं. ते ऐकेपर्यंत मूल अर्धीच गोष्ट सांगत असतं. समोरच्या पोराच्या बापाला लगेच फोन लावायचा मोह आवरायचा. दोन बाप रात्री अकराला बोलले की मुलांचं भांडण मागे राहतं आणि गल्लीचं सुरू होतं.

मग पुरावा. इथे घाईने फार नुकसान होतं. रागाच्या भरात मूल ग्रुप सोडतं, समोरच्याला ब्लॉक करतं, सगळं चॅट उडवतं आणि दुसऱ्या दिवशी दाखवायला हातात काही राहत नाही. क्रम असा: आधी ग्रुपची माहिती उघडून डिसअपिअरिंग मेसेजेस चालू आहेत का ते बघायचं, असतील तर चोवीस तास, सात दिवस किंवा नव्वद दिवसांत सगळं आपोआप जाणार असतं. मग स्क्रीनशॉट. नुसत्या स्टिकरचा उपयोग नाही. ग्रुपचं नाव, वेळ आणि तारीख दिसली पाहिजे. नंबर सेव्ह केलेला असेल तर पडद्यावर ‘सोन्या’ किंवा ‘बंटी’ एवढंच दिसतं, म्हणून त्या नावावर टिचकी मारून नंबरचा वेगळा स्क्रीनशॉट घ्यायचा. इन्स्टाग्रामवर ठळक दिसणारं नाव कुणीही कधीही बदलतो, तेव्हा युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक दोन्ही कॉपी करून ठेवायची. मूळ फोन फॉरमॅट मारायचा नाही. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं आणि तिथे मूळ उपकरण कामाला येतं.

यानंतर रिपोर्ट. व्हॉट्सॲपवर माणूस किंवा ग्रुप रिपोर्ट केला की शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात. स्टिकरनंतर ग्रुपवर ‘उद्या भूगोलाची वही आणायची का’ अशी चर्चा झाली असेल तर कंपनीच्या हातात भूगोलाची वही पडते. म्हणून नेमका तो संदेश दाबून धरून त्याचाच रिपोर्ट करायचा. करताना ब्लॉक करून चॅट काढून टाकायचा पर्यायही समोर येतो. त्याच्यावर बोट पडण्याआधी पुरावा झालेला असावा. कुणी रिपोर्ट केलं हे समोरच्याला कळवलं जात नाही. इन्स्टाग्रामवर सगळ्या वर्गाने मिळून शंभर रिपोर्ट मारायची एक पद्धत पडली आहे. तिचा उपयोग नाही. आकड्यावर काही उडत नाही, प्रकार बरोबर निवडला का हे बघितलं जातं. कुणाच्या नावाने खोटं खातं काढलं असेल तर ‘स्पॅम’ न निवडता तोतयेगिरीचा पर्याय घ्यायचा, आणि ती तक्रार ज्याच्या नावाने खातं आहे त्याने किंवा पालकाने करायची.

ब्लॉक करावं का? बाहेरचा अनोळखी असेल तर डोळे झाकून. पण वर्गातल्या पोराला ब्लॉक केलं तर त्याला ते सकाळपर्यंत कळतं आणि प्रार्थनेच्या रांगेत ‘काय बे, ब्लॉक मारलास?’ होतं. अशा वेळी इन्स्टाग्रामचं ‘रिस्ट्रिक्ट’ जास्त कामाचं. त्याच्या कमेंट त्याला एकट्याला दिसतात, आपण मंजूर केल्याशिवाय बाकीच्यांना नाही. त्याचे संदेश वेगळ्या कप्प्यात जातात आणि वाचले की नाही ते त्याला कळत नाही. तो बोलत राहतो, ऐकायला कुणी नसतं.

या ‘बे’वर जरा थांबायला हवं. सोलापूरकराचा ‘का बे’ म्हणजे खांद्यावर टाकलेला हात. सातरस्त्यावर चहाच्या गाड्यापाशी तोच शब्द चार वेळा येतो आणि कुणाला काही वाटत नाही, कारण त्याच्याबरोबर चेहरा येतो, हसू येतं, आवाजाची ओढ येते. टाइप केला की हे सगळं गळून पडतं आणि दोन अक्षरं उरतात. वाचणारा ती आपल्या त्या वेळच्या मनाने वाचतो. ‘गंमत केली होती सर’ म्हणणारं पोर पुष्कळदा खोटं बोलत नसतं. त्याने गंमतच केलेली असते. समोर पोहोचली ती मात्र गंमत नव्हती. समोरच्याचा पडलेला चेहरा दिसला असता तर तो तिथेच थांबला असता. पडद्यावर ते दिसत नाही, म्हणून दुसरा टाकतो, तिसरा टाकतो.

आणि शिव्या एका भाषेत असतील तर शप्पथ. पूर्व भागातल्या शाळेत एकाच बाकावर घरी तेलुगू, गल्लीत मराठी, अशी पोरं बसतात. शेजारच्या बाकावर कन्नड, मागे उर्दू. शिवी कधी तेलुगू, शेपूट मराठी, आणि लिहिलेलं सगळं इंग्रजी लिपीत. कंपन्यांच्या आपोआप गाळणाऱ्या यंत्रणेला हे मिश्रण नीट पकडता येत नाही. इन्स्टाग्रामच्या ‘हिडन वर्ड्स’मध्ये आपली यादी घालता येते, ती घालायलाच हवी. मुलाला विचारून खरोखर वापरले जाणारे शब्द घ्यायचे, आणि एकेका शब्दाची इंग्रजी लिपीतली तीन-चार रूपं: एक ‘ए’ घालून, दोन ‘ए’ घालून, मधलं अक्षर गाळून, अक्षराच्या जागी आकडा घालून. चिडवायला पाडलेलं नावही त्यात हवं. आई-बापाला ही यादी करताना अवघडल्यासारखं होतं. होऊ द्या.

खात्यावरची जन्मतारीखही बघून घ्या. अठराच्या आतल्यांसाठी इन्स्टाग्रामने आता टीन अकाउंट आणलं आहे: खातं आपोआप खाजगी, अनोळखी माणसाचे संदेश बंद, आणि सोळाच्या आत असेल तर हे सैल करायला पालकांची परवानगी. पण सहावीत असताना तेरा पूर्ण दाखवायला भावाने १९९९ टाकून ठेवलं असेल तर ॲपच्या लेखी पोरगी पंचविशी ओलांडलेली आहे आणि यातलं काही लागू होईलच असं नाही.

शाळेकडे येऊ. शाळा वाईट नसतात, पण हाताशी असलेली हत्यारं जुनी असतात. पहिलं हत्यार मोबाइलबंदी. शाळेच्या आवारात ती असावीच, पण स्टिकर रात्री साडेदहाला पडला होता. शिवाय याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड लावले आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळवला. मोबाइल वाईट, असं म्हणून सोलापुरात तरी सुटका नाही. दुसरं हत्यार म्हणजे दोघांना केबिनमध्ये समोरासमोर उभं करून ‘सॉरी म्हण’ म्हणायचं. सॉरी मिळते, आणि मधल्या सुट्टीत त्याची भरपाई होते. सगळ्या वर्गासमोरची माफी तर त्याहून वाईट. तिचा पुढचा स्टिकर होतो.

तिसरं, सभागृहात पाचशे मुलं बसवून पाहुण्यांचं व्याख्यान. व्याख्यानाला हरकत नाही, पण मागच्या पंधरा रांगांना ते ऐकूही येत नाही. त्यापेक्षा वर्गशिक्षकाने आपल्याच वर्गात पस्तीस मिनिटांच्या चार तासिका घ्याव्यात. पहिल्या तासिकेला फळ्यावर एक वाक्य लिहायचं, ‘आलास का बे’. पाच मुलांनी ते पाच सुरांत म्हणायचं: प्रेमाने, चिडून, टोमण्याने, घाबरून, कंटाळून. मग फळ्याकडे बोट दाखवून विचारायचं, यातला कुठला सूर इथे लिहिलाय? दुसरी तासिका गणिताची. व्हॉट्सॲप एका वेळी पाच चॅटपर्यंत फॉरवर्ड करू देतं. एकाने पाचांना, त्या पाचांनी प्रत्येकी पाचांना, त्यांनी पुन्हा पाचांना: तीन पायऱ्यांत १५५ चॅट. त्यातली दहा चॅट साठ-साठ जणांचे ग्रुप असतील तर? मुलं वहीत आकडा काढतात आणि वर्ग शांत होतो. ‘मी फक्त पाचांनाच पाठवला’ या वाक्यातला ‘फक्त’ तिथे जातो.

तिसरी तासिका त्या गप्प चाळिसांची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाने शाळांसाठी ‘किवा’ नावाचा कार्यक्रम उभा केला, त्याचा भर याच गटावर आहे. त्रास देणारा प्रेक्षकांसाठी त्रास देतो, आणि प्रेक्षक उठले तर खेळ मोडतो, हा त्यामागचा विचार. पण ‘विरोध करा’ म्हणून सोडून दिलं तर कुणी करत नाही. ग्रुपवर उघड विरोध करणाऱ्याचा उद्या स्टिकर होऊ शकतो. तेव्हा स्वस्तातले पर्याय शिकवायचे. हसरा चेहरा न टाकणं फुकट आहे. त्या मुलीला वेगळा मेसेज, ‘बघितलं मी. उद्या डबा सोबत खाऊ.’ ॲडमिनला खाजगीत, ‘तो काढ ना.’ ॲडमिनला कुणाचाही संदेश सगळ्यांसाठी काढता येतो. किंवा मुद्दाम विषय बदलायचा, भूगोलाच्या वहीचा. वर जिची तक्रार केली तीच वही इथे कामाला येते. ही वाक्यं मुलांकडून वहीत लिहून घ्यायची. रात्री साडेदहाला नवीन वाक्य सुचत नाही. चौथ्या तासिकेला रिपोर्ट, रिस्ट्रिक्ट, लिंक्ड डिव्हाइसेस. फोन नसतील तर फळ्यावर पडद्याचं चित्र काढून.

वर्गाच्या ग्रुपचे नियमही मुलांनीच करावेत, पण दोन सुटू नयेत. रात्री साडेनऊ ते सकाळी सहा ‘फक्त ॲडमिन’ची सेटिंग. आणि कुणाला ग्रुपमधून काढायचं असेल तर आधी वर्गशिक्षकांना कळवणं. कुणाला न बोलता काढून टाकणं हीही मारहाणच आहे, फक्त स्क्रीनशॉटमध्ये ती दिसत नाही. ॲडमिन दर महिन्याला बदलावा. सदस्याने टाकलेल्या मजकुराची शिक्षा ॲडमिनला होते या भीतीने पोरं ते काम घेत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सांगितलं आहे की नुसतं ॲडमिन असण्याने तसा दोष लागत नाही.

तक्रारपेटी बहुतेक शाळांत असते आणि मुख्याध्यापकांच्या दाराशी टांगलेली असते. तिथे चिठ्ठी टाकणारा सगळ्या व्हरांड्याला दिसतो. मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, तिच्या सदस्यांची नावं बोर्डावर असतात, पण बोर्डासमोर उभं राहून नंबर उतरवून घ्यायलाही धाडस लागतं. साधा उपाय आहे: दर शनिवारी शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येकाने चिठ्ठी लिहायची. सांगण्यासारखं नसेल तर ‘काही नाही’ लिहायचं, पण लिहायचंच. साठ चिठ्ठ्या, सारख्या कागदाच्या, सारख्या घडीच्या. त्यांतली एक कुणाची ते कळत नाही. शिक्षकांना त्या वाचायला दहा मिनिटं पुरतात.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे सायबर बुलिंग या नावाचं कलम नाही. ज्याचा धाक अजूनही घातला जातो ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलं. उरलेली आहेत ती पुष्कळ आहेत: दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं ६६सी, तोतयेगिरीने फसवणं ६६डी, खाजगी अंगाचं चित्र ६६ई, मुलांची अश्लील चित्रं ६७बी, धमकी आणि पाठलाग भारतीय न्याय संहितेत. करणारा अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. पोस्टरवर सगळीकडे १९३० हा हेल्पलाइनचा नंबर छापलेला असतो, पण तो पैशाच्या फसवणुकीचा आहे. मुलांच्या बाबतीत चाइल्डलाइनचा १०९८, आणि सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिला व बालकांचा वेगळा विभाग. तिथे नाव न देताही तक्रार करता येते, पण मग पुढे काय झालं ते बघता येत नाही. मूल जेवेनासं, झोपेनासं झालं असेल तर मानसिक आधाराच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ फुकट आहे.

एका गोष्टीत मात्र शाळा स्वतःच अडकते. प्रकरण मुलाच्या किंवा मुलीच्या नग्न चित्राचं असेल, खरं किंवा एआयने बनवलेलं, तर शिक्षकांनी ते आपल्या फोनवर घ्यायचं नाही. ‘पुरावा म्हणून मुख्याध्यापकांना पाठवला’ हेही पाठवणंच आहे, आणि असं चित्र जवळ ठेवणंसुद्धा गुन्हा ठरू शकतं. कागदावर लिहून घ्यायचं: कुठल्या खात्यावर, किती वाजता, कुणाच्या फोनमध्ये. तो फोन बंद करून पाकिटात, आणि पोलिसांना कळवायचं. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ ने ते बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाला ठाण्यात खेटे घालावे लागत नाहीत: जबाब घरी, शक्यतो महिला अधिकारी, अंगावर वर्दी नाही. हे पालकांना आधी सांगितलं तर त्यांचा अर्धा नकार गळतो. चित्र नेटवर फिरू नये म्हणून ‘टेक इट डाउन’ नावाची फुकट सेवा आहे, अठराच्या आतल्यांसाठी. चित्र फोनमध्येच राहतं, त्याचा आकडी ठसा तेवढा जातो आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळला की चित्र अडवतात.

स्टिकरकडे परत. ग्रुपवरून तो काढला तरी संपत नाही. ज्यांनी आपल्या आवडत्यांत टाकून ठेवला त्यांच्या फोनमध्ये तो राहतो आणि मार्चमध्ये पुन्हा उगवतो. म्हणून करणाऱ्याशी वेगळं, बंद दाराआड बोलून झालं की वर्गशिक्षकांनी ग्रुपवर रात्री आठला दोन मिनिटं मागायची: स्टिकरचा खण उघडा, तो दाबून धरा, काढा. कुणी काढला, कुणी नाही हे विचारायचं नाही. आठवड्याने त्या मुलीला एकटीला गाठून ‘पुन्हा काही?’ एवढंच, आणि महिन्याने पुन्हा एकदा. पुढच्या डिसेंबरात गॅदरिंगच्या नावनोंदणीची वही वर्गात फिरेल, तेव्हा ती तिच्या बाकावरही बाकीच्यांइतकाच वेळ थांबू द्यायची.